फुस्हा बोलायचीय? आधी थांबायला शिका

"माज़ा फ़अल्ति अम्स्?" शिक्षिकेने विचारलं. काल काय केलंस? एवढा साधा प्रश्न, आणि दोन वर्षं अरबी व्याकरणाचे तक्ते घोकलेली मी गप्प. मला म्हणायचं होतं, 'मी एक नवीन पुस्तक वाचलं.' शब्द सगळे येत होते. पण डोक्यात हिशेब सुरू झाला: पुस्तक हे कर्म, म्हणजे नस्ब (कर्माची विभक्ती), अनिश्चित, म्हणजे तन्वीन (टोकाला लागणारा न्), विशेषणालाही तेच… माझं तोंड उघडेपर्यंत त्या म्हणाल्या, "क़िफ़ी." थांब. मग समजावलं, "तू प्रत्येक शब्दाचं टोक शोधत बसतेस. आधी वाक्य कुठे थांबवायचं ते शिक. जिथे थांबशील, त्या शब्दाचं टोक बहुतेक वेळा बोलायचंच नसतं."

त्या दिवसापासून मी अरबी बोलायला लागले. मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ही भाषा हातात घेतली, ती अकराव्या शतकातला विद्वान अल-बिरूनी याचं हिंदुस्थानाबद्दलचं लिखाण मूळ अरबीत वाचता यावं म्हणून. बोलण्याचा विचारही नव्हता. पुढे लक्षात आलं, की जी भाषा तोंडातून निघत नाही ती वाचतानाही अर्धीच कळते. ज्यांना फुस्हा, म्हणजे अभिजात अरबी, बोलायची आहे, त्यांच्यासाठी मी काय केलं आणि कोणत्या क्रमाने केलं ते इथे लिहिते आहे.

एक सूचना आधीच. इथले अरबी शब्द संस्कृतसारखे वाचा. अक्षराचा पाय मोडलेला नसेल तर शेवटचा 'अ' पूर्ण म्हणायचा. 'कतब' म्हणजे क-त-ब, तिन्ही अक्षरं भरलेली. 'किताब्' लिहिलं असेल तर ब् अर्धा.

कोणती अरबी?

घरात, बाजारात, प्रेमात आणि भांडणात अरब लोक आपापल्या बोलीत बोलतात. कैरोची बोली वेगळी, दमास्कसची वेगळी, मोरोक्कोची तर फारच वेगळी. पुस्तकं, बातम्या, भाषणं, प्रवचनं यांची भाषा म्हणजे फुस्हा. एकाच समाजात अशा दोन भाषा दोन कामांसाठी नांदतात, या स्थितीवर चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे आणि त्यातलं एक मुख्य उदाहरण अरबीचंच आहे.

नवशिक्याला यातून मोठा धीर मिळतो. फुस्हा आज कुणाचीच मातृभाषा नाही. अरब मूलही ती शाळेत, गोष्टींतून, डब केलेल्या कार्टूनमधून शिकतं. त्याचं घर या भाषेच्या शेजारी आहे आणि आपलं लांब आहे, हे खरं. पण चालत दोघांनाही यावं लागतं. अरबी व्याकरणाचा पाया घालणारा आठव्या शतकातला सीबवैह मूळचा इराणी होता. अल-बिरूनीची मातृभाषा ख्वारिज़्मी होती. त्याने अरबीत ग्रंथ लिहिले आणि वर संस्कृतही शिकला.

'अभिजात' आणि 'आधुनिक' असा भेद बाहेरचे अभ्यासक करतात. अरब दोन्हींना फुस्हाच म्हणतात. व्याकरणाचा सांगाडा एकच आहे, शब्द आणि वाक्यांची ठेवण बदलली आहे. शब्द कसे बदलले तेही पाहण्यासारखं आहे. 'सय्यारह्' म्हणजे पूर्वी प्रवाशांचा तांडा, आज मोटार. 'क़ितार्' म्हणजे एकामागे एक बांधलेल्या उंटांची रांग, आज आगगाडी. दमास्कसची भाषा अकादमी १९१९ची, कैरोची १९३२ची. नव्या वस्तूंसाठी अरबी शब्द घडवणं हे या संस्थांनी आपलं काम मानलं. तुम्हाला जुने ग्रंथ बोलून पाहायचे असले, तरी बोलायची सवय आजच्या विषयांवर लावा. उंटांवर रोज काय बोलणार?

सहा आठवडे फक्त तोंड

आपल्या वर्णमालेची रचना अरबी शिकताना फार उपयोगी पडते. कंठापासून ओठांपर्यंत वर्ग लावायची पद्धत आपल्याला लहानपणापासून माहीत असते. बसऱ्याच्या अल-ख़लील इब्न अहमदने आपला शब्दकोश असाच घशापासून ओठांकडे लावला आणि सुरुवात 'ऐन' या अक्षराने केली. हे वाचलं तेव्हा मला अरबी पहिल्यांदा ओळखीची वाटली.

घशाच्या तीन पायऱ्या धरा. सगळ्यात खाली हम्ज़ा आणि साधा हा. मधे ऐन आणि जाड हा. वर, तोंडाच्या जवळ, ग़ैन आणि ख़ा. हम्ज़ा म्हणजे 'अ' म्हणण्याआधी घशात बसणारा छोटा झटका. ऐनमध्ये झटका नसतो. तिथे घशाचा मधला भाग आवळतो आणि आवाज त्या आवळलेल्या जागेतून सरकत राहतो. गळ्यावर बोट ठेवून लांब 'आ' म्हणा आणि आवाज न तोडता मधेच घसा आवळा. बोटाला फरक कळतो. तीच जागा ठेवून आवाज बंद केला आणि नुसती हवा सोडली, की जाड हा मिळतो. आरशावर वाफ धरण्यासाठी आपण जशी हवा सोडतो, तशी. आपला 'ह' घोष आहे, त्यात आवाज मिसळलेला असतो. अरबीतले दोन्ही हा अघोष आहेत. साध्या हासाठी विसर्गातली हवा आठवा.

मग जाड अक्षरं: साद्, दाद्, ता, ज़ा. इथे मी बरेच दिवस चुकीच्या ठिकाणी कान लावला होता. मी व्यंजन ऐकत होते. ऐकायचा असतो त्याच्या शेजारचा स्वर. जाड अक्षराशेजारचा 'आ' काळोखा होतो, 'ऑ'कडे झुकतो. जिभेचं टोक दातांशी आणि मागचा भाग टाळ्याकडे उचललेला, असं धरलं की तोंडात पोकळी होते आणि स्वर आपोआप बदलतो. 'सैफ़्' सीनने, म्हणजे साध्या स-ने, म्हटलं तर तलवार, सादने म्हटलं तर उन्हाळा. 'तीन्' पातळ त-ने अंजीर, जाड त-ने चिखल. 'दल्ल' म्हणजे वाट दाखवली. तेच दादने म्हटलं तर अर्थ होतो वाट चुकला.

क़ाफ़साठी जीभ 'क'पेक्षा मागे, पडजिभेपाशी न्या. ख़ म्हणजे आपला महाप्राण ख नव्हे, तिथे घर्षण हवं. फ़ साठी खालचा ओठ वरच्या दातांना लागला पाहिजे. वाव् मात्र फक्त ओठांचा चंबू करून म्हणायचा, दात कुठेही लागता कामा नये. आपण 'व' म्हणताना नकळत दात लावतो.

एक टप्पा असा येतो की ऐन जमतो आणि मग तो सगळीकडे येऊ लागतो. बोलायला लागल्यावर चौथ्या महिन्यात मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, "मला मोठी आशा आहे." आशा म्हणजे 'अमल्', हम्ज़ाने. मी ऐन लावला, आणि ते झालं 'काम'. शिक्षिकेने गंभीरपणे विचारलं, "कसलं काम?" देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, हेच तर दुखणं आहे. 'अलीम्' ऐनने सर्वज्ञ, हम्ज़ाने वेदनादायक. म्हणून शब्द देवनागरीत उतरवून पाठ करू नका. अरबी लिपी पहिल्या महिन्यातच शिका. अक्षरं अठ्ठावीसच आहेत.

मराठी जिभेच्या खास सवयी

आपण शब्दाचा शेवटचा 'अ' गिळतो. 'राम' लिहितो, 'राम्' म्हणतो. अरबीत 'कतब' (त्याने लिहिलं) यातला 'ब' गिळला, तर वाक्याच्या मधोमध क्रियापद लंगडं पडतं. उलट शेवटचे इ-उ आपण ओढून दीर्घ करतो: 'कवि' लिहिलेलं असलं तरी म्हणतो 'कवी'. अरबीत 'अन्त' म्हणजे तू (पुरुष), 'अन्ति' म्हणजे तू (स्त्री), आणि दोन्ही टोकं ऱ्हस्वच राहायला हवीत. 'कतब' लांबवून 'कतबा' म्हटलं, तर एकाचे दोघे होतात, 'त्या दोघांनी लिहिलं'.

द्वित्वही पाळा. 'दरस' म्हणजे शिकला, 'दर्रस' म्हणजे शिकवलं. 'हमाम्' म्हणजे कबुतरं, 'हम्माम्' म्हणजे न्हाणीघर. दुहेरी व्यंजनावर खरोखर थांबायचं, नुसता जोर देऊन भागत नाही.

वक़्फ़: थांबण्याची कला

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. शाळेत 'गजः गजौ गजाः' म्हटलेल्या माणसाला अरबीच्या विभक्तीची भीती वाटायचं कारण नाही. इथे विभक्ती तीनच: कर्त्याला 'उ', कर्माला 'अ', संबंध आणि शब्दयोगी अव्ययानंतर 'इ'. द्विवचनही ओळखीचंच. शब्दाच्या टोकाच्या या खेळाला इराब म्हणतात.

इराब किती अर्थ वाहतो, याची एक गोष्ट परंपरेत सांगतात. सातव्या शतकात अबुल-अस्वद अद्-दुअली या व्याकरणकाराची मुलगी आकाशाकडे पाहून म्हणाली, "मा अह्सनुस्-समाइ." तो म्हणाला, "त्यातले तारे." मुलीने विचारलं नव्हतं, आकाशात सर्वांत सुंदर काय म्हणून. तिला उद्गार काढायचा होता, किती सुंदर आहे आकाश! त्यासाठी म्हणायला हवं होतं, "मा अह्सनस्-समाअ!" दोन टोकं बदलली आणि उद्गाराचा प्रश्न झाला.

म्हणजे टोकं हवीतच. पण सगळीकडे नाही. फुस्हा बोलताना श्वास घ्यायला थांबलात, की शेवटच्या शब्दाचं टोक गळतं. नियम मोजके आहेत. शेवटचे ऱ्हस्व स्वर जातात. 'उन्' आणि 'इन्' ही तन्वीन जाते. 'अन्' तन्वीनचा 'आ' होतो. आणि स्त्रीलिंगी शब्दांच्या शेवटी येणाऱ्या गोल 'त'चा 'ह्' होतो.

'हाज़ा बैतुन् जदीद्' (हे नवीन घर आहे): मधलं 'बैतुन्' पूर्ण, शेवटचं 'जदीदुन्' कापलेलं. 'क़रअ्तु किताबन् जदीदा': हेच ते वाक्य, जे मला त्या दिवशी सापडत नव्हतं. 'मद्रसतुल्-मदीनह्' (शहराची शाळा): दोन्ही शब्दांना गोल त आहे, पण पहिला पुढे जोडला आहे म्हणून 'त' ऐकू येतो आणि दुसऱ्यावर थांबलो म्हणून 'ह्'. हा एक शब्दबंध पाठ केला तर अर्धा वक़्फ़ जिभेवर बसतो.

मी असं केलं. पहिले तीन महिने दोन-तीन शब्दांचीच वाक्यं आणि प्रत्येकानंतर पूर्ण थांबा. अशा वाक्यात सांभाळायची टोकं एक किंवा दोनच उरतात. मग चार शब्द, पाच शब्द. प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचं, एकदा तिथेच थांबून, एकदा पुढे काहीतरी जोडून. 'क़रअ्तु किताबा.' 'क़रअ्तु किताबन् फ़िल्-मक्तबह्.' पुस्तक वाचलं. वाचनालयात पुस्तक वाचलं. 'किताबा'चं 'किताबन्' होताना कानाला ऐकू येऊ द्या. काही आठवड्यांनी टोक शोधावं लागत नाही, ते न लावलं तर टोचायला लागतं.

काही विभक्त्या मात्र थांबलं तरी झाकत नाहीत, कारण त्या अक्षरातच लिहिलेल्या असतात. तिथे चूक लगेच ऐकू येते, म्हणून त्या आधी पक्क्या करा. द्विवचन: 'किताबानि', पण कर्म असेल तर 'किताबैनि'. पुरुषांचं नियमित अनेकवचन: 'मुदर्रिसून', 'मुदर्रिसीन'. आणि बाप-भाऊ यांसारखे पाच शब्द: 'जाअ अबूक' (तुझे वडील आले), 'रऐतु अबाक' (तुझ्या वडिलांना पाहिलं), 'सल्लम्तु अला अबीक' (तुझ्या वडिलांना सलाम केला). ही तीन वाक्यं मी चालताना म्हणायचे, पावलांच्या तालावर.

एक क्रियापद, पाच वाक्यं

क्रियापदांचे तक्ते पाठ असले तरी बोलताना उपयोगी पडत नाहीत, कारण कुणी तक्ता विचारत नाही. त्याऐवजी नकाराची मालिका घ्या. 'ला अज़्हबु इलल्-मक्तब्', मी कार्यालयात जात नाही. 'लम् अज़्हब् इलल्-मक्तब्', गेले नाही. 'लन् अज़्हब इलल्-मक्तब्', जाणार नाही. 'मा ज़हब्तु इलल्-मक्तब्', हेही गेले नाही. 'सअज़्हबु इलल्-मक्तब्', जाईन. भूतकाळाचा नकार 'लम्'ने आणि वर्तमानाच्या रूपाने होतो, हे नियम म्हणून विचित्र वाटतं. पन्नास वेळा म्हटल्यावर वाटत नाही. रोज एक नवीन क्रियापद या साच्यात घाला.

वाक्य क्रियापदाने सुरू केलं तर पुढे माणसं कितीही असोत, क्रियापद एकवचनीच: 'ज़हबर्-रिजालु'. नाम आधी आलं तर अनेकवचन: 'अर्-रिजालु ज़हबू'. नवशिक्याने क्रियापद आधी ठेवावं. वाक्य अस्सल वाटतं आणि कामही कमी होतं.

संख्यांवर फार वेळ घालवू नका, पण त्यांना टाळूही नका. तीन ते दहामध्ये लिंग उलटं होतं: पुरुष असतील तर संख्या स्त्रीलिंगी, 'सलासतु रिजाल्'; स्त्रिया असतील तर 'सलासु निसा'. सांत्वन इतकंच, की पंचवीस, शहाण्णव या संख्यांत अरबीतही आपल्यासारखंच एकक आधी येतं आणि दशक नंतर.

शब्द तुमच्याकडे आहेत

मजकूर, मंजूर, महसूल, मजबूत. या चार मराठी शब्दांचा ताल एकच आहे, कारण ते फ़ारसीच्या वाटेने आलेले एकाच अरबी साच्याचे शब्द आहेत: 'मफ़्ऊल्', म्हणजे ज्यावर क्रिया झाली ते. 'मज़्कूर्' म्हणजे उल्लेखलेलं. साचा कानात बसला, की 'मक्तूब्' (लिहिलेलं) आणि 'मफ़्हूम्' (समजलेलं) न शिकवता कळतात. हजर, दाखल, गाफील, जालीम हा दुसरा साचा, 'फ़ाइल्', म्हणजे करणारा. महसूल, तहसील, हासील या तिन्हींत एकच त्रिव्यंजनी धातू आहे. अरबीचे जुने कोश आणि हान्स वेर यांचा आधुनिक कोशही धातूंनुसार लावलेले आहेत, म्हणून शब्दातून धातू सोलून काढायची सवय पहिल्या दिवसापासून हवी.

पण ओळखीच्या शब्दांचा उच्चार मात्र पहिल्यापासून नव्याने शिका. मजकूर, हजर, जालीम, जमाना, जवाब या पाच शब्दांतला आपला 'ज' अरबीत पाच वेगवेगळी अक्षरं आहेत: ज़ाल्, दाद्, जाड ज़ा, ज़ाय् आणि जीम्. पाच कागदांवर पाच शब्द लिहून मी ते भिंतीला लावले होते. अर्थही सरकलेले असतात. 'ग़रीब्' म्हणजे अरबीत परका किंवा विचित्र. आपली हरकत म्हणजे आक्षेप. अरबी 'हरकह्' म्हणजे हालचाल, आणि अक्षरांवरच्या स्वरचिन्हांनाही हेच नाव आहे.

रोजचा अर्धा तास

दहा मिनिटं ऐकत मागोमाग बोलणं. मजकूर स्वरचिन्हांसह समोर हवा आणि आवाज चांगल्या वाचकाचा. त्याच्या अर्धा शब्द मागे राहून, त्याच्या थांब्यांवर थांबत म्हणायचं. बातम्या चांगल्या. दोह्याची अल-जझीरा वाहिनी १९९६ पासून आहे आणि तिचे वृत्तनिवेदक फुस्हात वाचतात. मात्र मुलाखती सुरू झाल्या की टोकं भराभर गळतात, बोली मिसळते. सुरुवातीला ते ऐका, पण नक्कल निवेदकाची करा.

दहा मिनिटं एकटीने बोलणं. समोर दिसतं ते: खिडकी, दिवा, पाऊस. मग काल काय केलं. मग वाचलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत. फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर चुका कानाला लागत नाहीत, कारण काय म्हणायचं होतं ते अजून डोक्यात घुमत असतं. एका दिवशी एकाच प्रकारची चूक सुधारा.

उरलेली दहा मिनिटं सोबत्याबरोबर. तोही शिकणाराच असला तरी चालेल. आमचा एकच करार होता, समोरचा बोलत असताना दुरुस्ती करायची नाही. वाक्य अडलं तर भाषा बदलायची नाही, हे साधायला काही तयार वाक्यं लागतात: 'लहज़तन्' (एक क्षण), 'आसिफ़ह्' (माफ करा, स्त्री बोलत असेल तर), 'मा मअना हाज़िहिल्-कलिमह्?' (या शब्दाचा अर्थ काय?), 'कैफ़ युक़ालु हाज़ा?' (हे कसं म्हणतात?). ही इतकी पाठ हवीत, की विचार करायला वेळ हवा असताना ती आपोआप तोंडात यावीत.

कविता पाठ कराव्यात का? हो, पण दोन-चार ओळी, अर्थासकट. छंद टोक चुकू देत नाही. ऱ्हस्वाचं दीर्घ केलंत तर ओळ तिथेच अडखळते, आणि शिक्षक नसतानाही चूक कळते.

अरब माणसाशी पहिल्यांदा फुस्हात बोलाल तेव्हा तो कदाचित हसेल आणि त्याच्या बोलीत उत्तर देईल. तो तुमची चेष्टा करत नसतो. त्याच्या कानाला ही बातम्यांची आणि शाळेची भाषा आहे, आणि ती समोरच्या माणसाच्या तोंडून येते आहे. कैरोचा माणूस जीमचा 'ग' करेल, क़ाफ़चा हम्ज़ा करेल, 'क़ल्ब्' त्याच्या तोंडी 'अल्ब्' होईल. घाबरू नका आणि त्याची नक्कलही करू नका. शांतपणे विचारा, "हल् युम्किनुक अन् ततकल्लम बिल्-फ़ुस्हा?" तुम्हाला फुस्हात बोलता येईल का? समोर स्त्री असेल तर 'युम्किनुकि' आणि 'ततकल्लमी'. माझा अनुभव असा, की माणूस क्षणभर थांबतो, जरा ताठ बसतो आणि शाळेत शिकलेली वाक्यं आठवून सावकाश बोलायला लागतो. तेव्हा टोकं शोधणारे तुम्ही एकटे नसता.